फाइल काढून टाकली तरी डिस्क भरलेलीच, वर किल -९ वरून बोलणी खाल्ली

नवखा_वापरकर्ता

नमस्कार मंडळी,

मी प्रोग्रामर नाही. पावसाच्या जुन्या नोंदी तपासायचं काम करतो, पायथन जेमतेम कामापुरतं येतं. आजवर लॅपटॉपवर भागत होतं. आता डेटा वाढला म्हणून एका सामायिक लिनक्स सर्व्हरवर खातं मिळालंय. तिथे माउस नाही, फोल्डरची चित्रं नाहीत, नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. तीन आठवड्यांत साठलेल्या शंका एकदम विचारतो. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कमांडीही देवनागरीतच. सांभाळून घ्या.

पहिली शंका. फाइल शोधायला 'फाइंड . -नेम *.सीएसव्ही' असं लिहितो. एका फोल्डरमध्ये ही ओळ नीट चालते, दुसऱ्यात "पाथ आधी द्या" अशा अर्थाची एरर देते, आणि तिसऱ्यात एकच फाइल दाखवते, जिथे निदान चाळीस तरी असायला हव्यात. ओळ तीच, मग वागणं तीन तऱ्हांचं का?

दुसरी. मागच्या आठवड्यात एक फाइल लिहिली होती. नावात 'सुधारित' असल्याचं आठवत होतं, कुठे ठेवली ते नाही. सीडी, एलएस, सीडी, एलएस (फोल्डर बदला, यादी बघा) करत पाऊण तास घालवला. शेवटी सापडली ती जिथून शोधायला निघालो होतो त्याच फोल्डरमध्ये. काखेत कळसा म्हणतात तसंच. माणसं हे कसं करतात?

तिसरी. तीन दिवसांपूर्वी माझा प्रोग्रॅम पडद्यावर गोठला. कंट्रोल-सी दाबून पाहिलं, काही झालं नाही. दुसरी खिडकी उघडून नंबर शोधला आणि किल -९ मारला. शेजारचा सहकारी म्हणाला, "उठसूट -९ कशाला?" पण कारण त्यालाही सांगता आलं नाही.

चौथी, आणि ही आत्ता जाळतेय. त्याच प्रोग्रॅमचा लॉग फुगून ६१ जीबी झाला होता. आरएम करून उडवला. तरीही 'डीएफ -एच' १०० टक्केच दाखवतंय. 'डीयू' लावून सगळी फोल्डरं मोजली तर बेरीज कितीतरी कमी येते. बाकीच्यांची कामं अडलीत आणि सगळे माझ्याकडे बघतायत. गेले कुठे ते ६१ जीबी?

---

जुनी_खोड

कमांडी देवनागरीत लिहिल्यात ते बरंच झालं. मीही तशाच लिहिते. इथून उचलून तिथे चिकटवता येणार नाहीत, एकेक अक्षर रोमनमध्ये टाइप करावं लागेल, आणि टाइप करताना माणूस वाचतो. अठरा वर्षं सर्व्हर सांभाळतेय. माझ्या हातून जे अपघात झाले त्यातले निम्मे तरी तयार ओळ चिकटवल्यामुळे झालेत.

आग चौथ्या शंकेला लागली आहे, तिथून सुरू करते.

आरएम फाइल पुसत नाही, फाइलचं नाव पुसतं. लिनक्समध्ये नाव वेगळं आणि खुद्द फाइल वेगळी. नाव म्हणजे फोल्डरच्या यादीतली एक नोंद. शेवटचं नाव गेलं आणि फाइल कुठल्याच प्रोसेसने (म्हणजे चालू प्रोग्रॅमने) उघडून धरलेली नसली, तरच डिस्कवरची जागा मोकळी होते. कुणी धरून बसलं असेल तर फाइल बिननावाची जगत राहते. 'डीयू' नावं धरून फोल्डरांत हिंडतं, म्हणून त्याला ती दिसत नाही. 'डीएफ' थेट फाइलसिस्टमला हिशेब विचारतं, म्हणून त्याला दिसते. दोघांच्या बेरजेत मोठी तफावत आली की माझा पहिला संशय हाच असतो.

मग धरलंय कुणी? हे लिहा:

एलएसओएफ +एल१

मधलं एल मोठं. ज्या उघड्या फाइलींना एकही नाव उरलेलं नाही, त्या ही कमांड दाखवते. रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, नसाल तर मुख्यतः तुमच्या स्वतःच्याच प्रोसेसची माहिती दिसेल, पण तुम्हाला तेवढीच हवी आहे. एलएसओएफ बसवलेलं नसेल तर 'एलएस -एल /प्रॉक/*/एफडी' चालवून त्यात 'डिलिटेड' हा शब्द ग्रेपने शोधा. परवानगी नसल्याच्या तक्रारी खूप येतील, त्या शेवटी '२>/डेव्ह/नल' लावून गप्प करा.

आता माझा अंदाज. चुकला तर सांगा. तुमचा प्रोग्रॅम मल्टिप्रोसेसिंग वापरतो का? म्हणजे एक बाप आणि हाताखाली चार-सहा कामकरी? तसं असेल तर तुमची तिसरी आणि चौथी शंका एकच आहे. तुम्ही -९ बापाला मारलात. मुलं राहिली. लॉग त्यांनी वारशाने उघडाच धरलेला आहे.

पाहायचं असं:

पीएस -यू $यूझर -ओ पीआयडी,पीपीआयडी,स्टॅट,ईटाइम,आर्ग्स

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, पीपीआयडी तिच्या बापाचा. बाप मेला की पोरकी मुलं १ नंबरच्या प्रोसेसला दत्तक जातात, तेव्हा त्या रकान्यात १ दिसेल. ईटाइम म्हणजे किती वेळ चालू आहे. तीन दिवसांचा आकडा आणि बाप १, अशी रांग दिसली तर सापडले चोर.

सापडल्यावर लगेच मारू नका. आधी एक प्रश्न: त्या लॉगमधलं काही हवंय का? हवं असेल तर अजून मिळतं. समजा प्रोसेस ४२१७ ने तो ३ नंबरच्या हँडलवर (उघड्या फाइलीला प्रोसेसमध्ये मिळणारा नंबर) धरलाय. मग 'सीपी /प्रॉक/४२१७/एफडी/३' आणि पुढे जिथे वाचवायचा ती जागा (अर्थातच दुसऱ्या डिस्कवर, ही भरलेली आहे). आमच्याकडे एका नव्या मुलाने दोन दिवस चाललेल्या गणिताची निकालाची फाइल ती लिहिली जात असतानाच उडवली होती. पांढराफटक पडला होता बिचारा. प्रोग्रॅम जिवंत होता म्हणून याच वाटेने सगळं परत आलं. घाबरून त्याने प्रोग्रॅम बंद केला असता तर तेही गेलं असतं.

प्रोसेस चालू ठेवायची आणि फक्त जागा हवी असेल तर तीच वाट उलटी वापरतात: ': > /प्रॉक/४२१७/एफडी/३'. फाइल जागच्या जागी शून्यावर येते. तुमच्या बाबतीत याचा उपयोग नाही. लिहिणारे जिवंत असताना हे करणं म्हणजे नळ तसाच वाहता ठेवून बादली उपसणं. तुम्ही मुलांना थांबवा. आणि पुढच्या वेळी चालू प्रोग्रॅमचा लॉग फुगला तर आरएम नको, नुसतं ': > लॉगचं नाव' करा. नाव राहतं, आतलं जातं, जागा लगेच सुटते.

आता -९. किल या कमांडचं नावच फसवं आहे. ती मारत नाही, सिग्नल पाठवते. आकडा दिला नाही तर १५ जातो, सिगटर्म. त्याचा अर्थ "आवरतं घ्या". प्रोग्रॅमला तो ऐकू येतो. सभ्य प्रोग्रॅम हातातलं डिस्कवर उतरवतो, तात्पुरत्या फाइली पुसतो, कुलपाची फाइल काढतो, मुलांना निरोप देतो आणि जातो. कंट्रोल-सी म्हणजे २, सिगइंट, साधारण त्याच जातीचा. ९ म्हणजे सिगकिल. हा प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परस्पर उचलून नेतो. प्रोग्रॅमला अडवता येत नाही, ऐकता येत नाही, मुलांना सांगताही येत नाही. तुमच्या सहकाऱ्याला हे म्हणायचं असावं.

माझी पद्धत: आधी साधं किल. मग दहापर्यंत मोजते, खरंच मोजते, ओठ हलवून. डेटाबेससारखं काही असेल तर दहा नाही, मिनिटभर. तरीही हलली नाही तर 'स्टॅट' रकान्यात डोकावते. तिथे डी असेल तर ती प्रोसेस डिस्क किंवा नेटवर्कच्या फाइलसिस्टमच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली असते, तिला बहुतेकदा ९ ही लागू पडत नाही. रोग डिस्कचा, प्रोसेसला बडवून काय होणार! झेड असेल तर ती झाँबी, आधीच मेलेली. नोंद तेवढी राहिलीय, कारण बापाने तिची विचारपूस केलेली नाही. मेलेल्याला मारता येत नाही, बापाकडे बघा. यातलं काही नसेल आणि दहा मोजून झाले असतील, तर मग खुशाल ९.

नंबर कसा शोधलात ते लिहिलं नाहीत. बरेच जण 'पीएस एयूएक्स' ग्रेपमधून काढतात, आणि त्यात स्वतः ग्रेपचीच ओळ येते म्हणून गोंधळतात. त्याऐवजी पीग्रेप वापरा:

पीग्रेप -एएफ पाऊस_मॉडेल

एफ म्हणजे पूर्ण कमांडच्या ओळीत शोध, ए म्हणजे ती ओळ दाखवही. एफ नसेल तर पीग्रेप फक्त प्रोसेसच्या नावात शोधतं. लिनक्समध्ये ते नाव पहिल्या १५ अक्षरांवरच कापलेलं असतं, आणि पायथनच्या प्रोग्रॅमचं नाव तर नुसतं 'पायथन' एवढंच असतं. यादी वाचायची. हवं तेच आलंय अशी खात्री झाली की वरचा बाण दाबून पीग्रेपच्या जागी पीकिल लिहायचं आणि ए काढायचा. नमुना तोच राहतो. ही सवय मला एकदा महागात पडल्यावर लागली. मी थेट 'पीकिल -एफ मॉडेल' मारलं होतं. प्रोग्रॅम गेला, आणि शेजारच्या खिडकीत मॉडेलचीच फाइल उघडी असलेला माझा एडिटरही गेला. त्याच्याही कमांडच्या ओळीत 'मॉडेल' हा शब्द होताच की! चोराबरोबर संन्याशालाही फाशी.

आणखी एक: कागदावर टिपून ठेवलेला पीआयडी दुसऱ्या दिवशी वापरू नका. हे नंबर फिरून पुन्हा वाटले जातात. जुन्या लिनक्सवर ३२,७६८ पर्यंत गेले की गाडी परत खालून सुरू व्हायची. नव्या ६४-बिट मशिनांवर ही मर्यादा बरेचदा ४१,९४,३०४ असते, तरीही मी विश्वास ठेवत नाही.

आता शोधाशोध.

पहिल्या शंकेचा दोष फाइंडचा नाही. तुमची ओळ फाइंडपर्यंत पोचण्याआधी शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम, वाचतं. शेलला उघडा तारा दिसला की ते चालू फोल्डरमध्ये जुळणाऱ्या फाइलींची नावं त्या जागी भरतं. चालू फोल्डरमध्ये एकही सीएसव्ही नसेल तर तारा तसाच पुढे जातो आणि ओळ योगायोगाने चालते. दोन किंवा जास्त असतील तर -नेमच्या पुढे नावांची रांग लागते, आणि फाइंड म्हणतं हे काय मध्येच. नेमकी एकच असेल, समजा 'जून.सीएसव्ही', तर फाइंडला वाटतं तुम्हाला 'जून.सीएसव्ही' याच नावाच्या फाइली हव्यात. तुमची तिन्ही फोल्डरं जुळली? या तिघांत एरर येणारी स्थिती सगळ्यात चांगली, कारण निदान कळतं. तारा अवतरणात घाला:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*सुधारित*'

आयनेम घेतलं की कॅपिटल-स्मॉलचा भेद राहत नाही. टाइप एफ म्हणजे फक्त फाइली, फोल्डर हवं असेल तर डी.

पण तुमच्या दुसऱ्या शंकेत नावापेक्षा भरवशाची गोष्ट तुमच्याकडे होती: वेळ. "मागच्या आठवड्यात" हे माणसाला नावापेक्षा चांगलं आठवतं. 'फाइंड ~ -टाइप एफ -एमटाइम -८' म्हणजे घरच्या फोल्डरखाली गेल्या आठ दिवसांत बदललेलं सगळं. आत्ताच सेव्ह केलेली फाइल कुठे गेली कळत नसेल तर '-एममिन -१०', शेवटची दहा मिनिटं. मी दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हीच ओळ मारते. कुठलाही अनोळखी प्रोग्रॅम चालवला की लगेच हे, म्हणजे त्याने कुठे कुठे काय लिहून ठेवलं ते समोर येतं.

नाव नाही, वेळ नाही, फक्त आतला मजकूर आठवतोय, तर ग्रेप: 'ग्रेप -आरएल वार्षिक_सरासरी .' आर म्हणजे आतल्या फोल्डरांतही जा, एल म्हणजे ओळी नको, फक्त फाइलींची नावं दे. फक्त पायथनच्या फाइली बघायच्या असतील तर '--इन्क्लूड' वापरा, त्यातही तारा अवतरणातच. मुळापासून म्हणजे / पासून शोध लावू नका. सामायिक सर्व्हरवर नेटवर्कची डिस्क जोडलेली असली तर फाइंड तिथेही शिरेल. जावंच लागलं तर '-एक्सडेव्ह' लावा, मग ते एकाच फाइलसिस्टममध्ये राहतं. लोकेट ही कमांडही आहे आणि ती विजेसारखी धावते, पण ती आधी करून ठेवलेल्या यादीत शोधते. ती यादी साधारणपणे दिवसातून एकदा बनते. सकाळची फाइल दुपारी तिला माहीत नसते.

आता ओळ चिकटवून झालेला एक अपघात. फाइंडला '-डिलीट' ही सोय आहे. तात्पुरत्या फाइली काढायच्या होत्या. वहीतली जुनी ओळ उचलली आणि घाईत डिलीट शोधाच्या अटीच्या आधी चिकटवलं: 'फाइंड . -डिलीट -नेम ...' फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं. त्याने पहिली आज्ञा ऐकली, पुसा. नावाची अट तपासायची वेळ आली तोवर पुसून झालं होतं. एररसुद्धा नाही. शांतपणे प्रॉम्प्ट परत आला. माझ्या स्क्रिप्टचं सगळं फोल्डर गेलं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून एका दिवसाच्या कामावर निभावलं. त्या दिवसापासून डिलीट लिहिण्याआधी तीच ओळ डिलीटशिवाय चालवते, यादी वाचते, वरचा बाण दाबते आणि ओळीच्या अगदी शेवटी डिलीट जोडते. पीग्रेप-पीकिलचीच गोष्ट झाली की नाही? हाताला वळण एकच.

एलएसओएफमध्ये काय दिसलं ते कळवा.

---

अर्धविराम

जुनी_खोड यांच्या उत्तरात दोन दुरुस्त्या.

पोरकी मुलं नेहमी १ कडेच जातात असं नाही. सिस्टिमडी (मशिनवरच्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) असलेल्या मशिनवर काही वेळा वापरकर्त्याची स्वतःची 'सिस्टिमडी --यूझर' ही प्रोसेस त्यांना दत्तक घेते, मग पीपीआयडी १ नसून तिचा नंबर दिसतो. तेव्हा बाप १ दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ईटाइम बघा. किंवा 'पीएसट्री -पी' चालवा, झाडच दिसेल.

एमटाइममध्ये एक खोच आहे, जुन्या फाइली काढताना ती नडते. '-एमटाइम +३०' म्हणजे ३० दिवसांहून जुनी असं वाटतं. पण फाइंड वय २४ तासांच्या पूर्ण तुकड्यांत मोजतं आणि अपूर्णांक टाकून देतं. साडेतीस दिवसांची फाइल त्याच्या लेखी ३० ची, आणि ३० ही ३० हून जास्त नाही. म्हणजे प्रत्यक्षात ३१ दिवस पूर्ण झालेल्याच हाती लागतात. '-साइज' तर याच्या उलट, वरच्या बाजूला पूर्ण करतं. '-साइज -१एम' म्हणजे एक एमबीहून लहान फाइली मिळतील या आशेने लिहाल, तर फक्त रिकाम्या मिळतील, कारण एका बाइटची फाइलही १ एमबीत मोजली जाते. तिथे बाइटमध्ये लिहा, आकड्यापुढे सी लावून.

माझ्या टोपणनावाला जागून एक भर. सापडलेल्या फाइलींवर काही करायचं तर '-एक्झेक' असतं. शेवटी \; लावलं तर प्रत्येक फाइलमागे कमांड नव्याने सुरू होते. दहा हजार फाइली असल्या तर दहा हजार वेळा. + लावलं तर एकाच कमांडला शक्य तितक्या फाइली एकदम दिल्या जातात. आणि एक्सआर्ग्सकडे (आलेली नावं पुढच्या कमांडला देणारी कमांड) पाइपने नावं पाठवणार असाल तर फाइंडला '-प्रिंट०' आणि एक्सआर्ग्सला '-०' ही जोडी लावाच. नाहीतर 'जून अंतिम.सीएसव्ही' या एका फाइलच्या 'जून' आणि 'अंतिम.सीएसव्ही' अशा दोन होतात, आणि पुढे आरएम असलं तर विचारूच नका.

---

शून्यधारा

मला वेगळीच शंका येतेय. प्रोग्रॅम "पडद्यावर गोठला" म्हणता, आणि त्याच वेळी लॉग ६१ जीबीपर्यंत फुगत होता? गोठलेला प्रोग्रॅम इतकं लिहील कसं?

तुम्ही कंट्रोल-एस तर दाबलं नव्हतं ना? बाकी सगळीकडे सेव्ह करायची सवय असते, बोटं आपसूक जातात. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस म्हणजे पडद्यावरचा मजकूर थांबवणे. ही टेलिटाइपच्या काळापासूनची सोय. छपाई मागे पडली की समोरच्याला "थांब" सांगायला होती. पडदा मेल्यासारखा दिसतो. पडद्यावर प्रगती छापणारा बाप लिहिता येत नाही म्हणून खरोखरच तुंबतो. पण लॉगमध्ये लिहिणाऱ्या मुलांना पडद्याशी देणंघेणं नसतं, ती चालूच. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं सुटतं.

कंट्रोल-सीने काही झालं नाही याचा मात्र खुलासा मला नाही. पायथनची मल्टिप्रोसेसिंग कंट्रोल-सीला नेहमीच नीट दाद देत नाही, कदाचित ते.

दुसरं, न विचारलेलं. इतके दिवस चालणारं काम थेट एसएसएचच्या (सर्व्हरशी दुरून जोडणाऱ्या) खिडकीत चालवू नका. जोडणी तुटली की शेल आपल्या कामांना सिगहप हा सिग्नल पाठवतं, आणि ज्याने त्याची सोय केलेली नाही तो प्रोग्रॅम मरतो. आधी टीमक्स सुरू करा, त्यात काम लावा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडा. उद्या कुठूनही 'टीमक्स अटॅच' केलंत की पडदा जसाच्या तसा. काम आधीच साध्या खिडकीत सुरू करून बसला असाल तर कंट्रोल-झेडने थांबवा, 'बीजी' लिहून मागे चालू करा आणि 'डिसओन -एच' लावा. मात्र त्याचा पडद्यावरचा मजकूर मग परत बघता येत नाही.

---

नवखा_वापरकर्ता

काय बोलू! दोघांचे अंदाज बरोबर.

एलएसओएफमध्ये सहा ओळी आल्या. सहाही माझ्या, सगळ्यांच्या ३ नंबरच्या हँडलवर तोच लॉग आणि पुढे 'डिलिटेड'. पीएसमध्ये सहांचा पीपीआयडी १, ईटाइम ३-०२:१४ च्या आसपास. तीन दिवस माझी सहा पोरकी मुलं राबत होती, आणि मी त्यांचा बाप मारून निवांत झोपत होतो. लॉगमध्ये काय होतं पाहायला शेवटचा तुकडा टेलने /प्रॉकच्या वाटेने काढला. एकच इशारा, प्रत्येक नोंदीमागे एकदा, पुन्हा पुन्हा. ठेवण्यासारखं काही नव्हतं.

आधी 'पीग्रेप -एएफ', यादी वाचली, सहाच होत्या. मग बाण, पीकिल. दहा मोजले. चार गेल्या, दोन राहिल्या. त्यांचं स्टॅट आर, म्हणजे चालू, होतं. आणखी दहा मोजले, त्याही गेल्या. ९ ची गरज पडली नाही. डीएफ १०० वरून ७१ टक्क्यांवर आलं आणि शेजारच्या खोलीतून "झालं, झालं" असा आवाजही आला.

कंट्रोल-एसबद्दल: हो. दाबलं असणार. प्रोग्रॅम चालू असताना त्याच खिडकीत आहे हे विसरून स्क्रिप्ट "सेव्ह" केलं असणार. आत्ता मुद्दाम करून पाहिलं, पडदा अगदी तस्साच गोठला. कंट्रोल-क्यूने सुटला. म्हणजे तेव्हा एक कळ दाबली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

ही बोटांची सवय काही जायची नाही. कंट्रोल-एसचं हे वागणंच बंद करता येतं का?

---

शून्यधारा

येतं. 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'. कायमचं हवं असेल तर घरच्या फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' फाइलमध्ये ही ओळ टाका.

---

जुनी_खोड

टाका, पण शेल माणसासमोर चालू असेल तेव्हाच लागू होईल अशा अटीत. नुसती टाकलीत तर एससीपीने फाइल पाठवताना बॅशआरसी वाचली जाते, तिथे टर्मिनल नसतं, आणि एसटीटीवाय "हे उपकरण त्या जातीचं नाही" अशी तक्रार करतं. बहुतेक बॅशआरसींच्या सुरुवातीलाच "समोर माणूस नसेल तर इथूनच परत फिर" अशी ओळ असते. तिच्या खाली लिहिलंत की झालं.

यात एक फुकटचा फायदा आहे. कंट्रोल-आर दाबून जुन्या कमांडी मागे मागे शोधता येतात हे तुम्हाला कळलं असेल, नसेल तर आजच दाबून बघा. त्यात घाईने एक पाऊल जास्त मागे गेलात तर पुढे यायची कळ कंट्रोल-एसच आहे. एरवी टर्मिनल ती मधल्यामध्ये गिळतं, म्हणून ती आहे हे कित्येकांना ठाऊकच नसतं. आयएक्सऑन बंद केलंत की ती चालू लागेल.